रस्त्यापलीकडचा २१४: एका पतसंस्थेच्या दोन इमारतींतली फोन यंत्रणा जोडताना

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेचं हे प्रकरण आहे. संस्थेचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी फोन यंत्रणा आणि केबलिंगची कामं करतो. या कामात मला मध्येच, दोन नुकसानं होऊन गेल्यावर बोलावलं गेलं.

संस्थेचं मुख्य कार्यालय पेठेत, जुन्या दगडी तीन मजली इमारतीत. तळमजल्यावर काउंटर, सोनेतारण आणि लॉकर, वर ठेव विभाग आणि जीएम (जनरल मॅनेजर) साहेबांची केबिन. २०११ साली इथे ४८ एक्स्टेन्शनचं, म्हणजे ४८ अंतर्गत नंबरांचं ईपीएबीएक्स (ऑफिसचं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज) बसवलं होतं, त्याला सहा लँडलाईन. ऑपरेटर ताई पहिल्या दिवसापासून त्याच. ठेव २०५, कर्ज २१४, वसुली २१७ हे नंबर पासबुकाच्या मागच्या पानावर छापलेले होते आणि गावातल्या जुन्या सभासदांना तोंडपाठ होते.

जागा कमी पडायला लागली तेव्हा संस्थेने रस्त्यापलीकडे दोन मजली नवी इमारत बांधली. कर्ज, वसुली, कायदा आणि संगणक विभाग तिकडे गेले. गच्चीपासून गच्ची ८५ मीटर. मधे नगरपरिषदेचा रस्ता, आदल्याच वर्षी काँक्रीट झालेला. नव्या इमारतीची वीज वेगळ्या डीपीवरून (वीज कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरवरून) आली होती. ही शेवटची गोष्ट त्या वेळी कुणालाच महत्त्वाची वाटली नाही.

फोन इथे किती महत्त्वाचा आहे हे मला सोनेतारणच्या काउंटरवर बसल्यावर कळलं. दागिने सोडवायला आलेल्या माणसाचं दुसरं एखादं कर्ज थकलंय का, हे कर्ज विभागाला विचारल्याशिवाय पाकीट बाहेर येत नाही. पूर्वी फोन लागला नाही तर शिपाई एक मजला चढून जायचा. आता त्याला रस्ता ओलांडावा लागायचा. लग्नाला जायचं म्हणून सकाळी दहाला आलेली बाई साडेअकरापर्यंत बाकड्यावर बसलेली मी पाहिली. तिच्यासाठी हा फोनचा प्रश्न नव्हता, संस्थेवरच्या विश्वासाचा होता.

अडचण

फेब्रुवारीत संस्थेच्या वायरमन काकांनी गच्चीवरून गच्चीवर २० पेअरची (तारांच्या २० जोड्यांची) जेली केबल, म्हणजे ओल शिरू नये म्हणून आत जेल भरलेली तांब्याची फोन केबल ओढली आणि जुन्या इमारतीच्या एमडीएफवर (सगळ्या फोनच्या तारा एकत्र येतात त्या फ्रेमवर) टाकली. नव्या इमारतीतले १८ फोन त्यावर सुरू झाले. काम नेटकं होतं. जीआय (गॅल्व्हनाइज्ड) तारेचा आधार, दोन्ही टोकांना क्रोन (तारा खोचायच्या पट्ट्या), प्रत्येक पेअरवर चिठ्ठी. अंतराचाही प्रश्न नव्हता. ०.५ मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडीचा लूप रेझिस्टन्स (जाऊन-येऊन दोन्ही तारांचा विरोध) किलोमीटरला साधारण १७० ओहम असतो. १३० मीटरच्या केबलला तो २२ ओहम भरतो. एवढ्याने ईपीएबीएक्सला काही फरक पडत नाही.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. एप्रिलपासून नव्या इमारतीच्या फोनवर बारीक गुणगुण यायला लागली. दुपारी एसी चालू झाले की वाढायची. लोकांनी ती सवयीने सोडून दिली.

मे महिन्यात वळवाचा पहिला मोठा पाऊस आला. वीज कुठे पडली ते कुणाला दिसलं नाही, कुठल्याच इमारतीवर पडल्याची खूण नव्हती. पण एक्स्चेंजमधली दोन एक्स्टेन्शन कार्डं जळाली आणि नव्या इमारतीतले नऊ फोन मेले. त्याच कार्डांवर जुन्या इमारतीचेही काही नंबर होते, सोनेतारणचा २०९ त्यातला एक. कार्डं दुरुस्त करून आणली. काकांनी जुन्या इमारतीच्या टोकाला गॅस डिस्चार्ज ट्यूबवाले संरक्षक (जादा व्होल्टेज आलं की ते अर्थकडे वळवणारे) बसवले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गडगडाट झाला. या वेळी एका कार्डाबरोबर पॉवर सप्लायही गेला आणि अख्खं एक्स्चेंज चार दिवस मुकं झालं. पेठेतली इमारत जुनी, तिच्यात काहीच बदल केलेला नव्हता, तरी तीही गप्प झाली. तेव्हा मला फोन आला, तोही जीएम साहेबांच्या मोबाईलवरून.

तपासणी

पहिल्या दिवशी मी केबलला हात लावला नाही. आधी दोन्ही इमारतींचं अर्थिंग मोजलं. जुन्या इमारतीचं ३.२ ओहम आलं, नव्याचं ६.८. दोन्ही आकडे आपापल्या जागी चालण्यासारखे. मग केबलची शील्ड (तारांभोवतीचं पत्र्याचं वेष्टण) बघितली. ती दोन्ही टोकांना अर्थ केलेली होती. काकांनी सुरक्षेसाठीच केलं होतं, आणि एकाच इमारतीत केबल असती तर ते चाललंही असतं. शील्डला क्लॅम्प मीटर लावला तर ०.७ अँपिअर करंट वाहत होता. फोनच्या केबलच्या पत्र्यातून, चोवीस तास. शील्ड एका टोकाला सोडवली आणि सुटलेलं टोक व त्या इमारतीचा अर्थ यांच्यात मल्टिमीटर धरला. सात व्होल्ट एसी.

गुणगुण तिथूनच येत होती. दोन इमारती, दोन डीपी, दोन अर्थिंगचे खड्डे. दोन्ही ठिकाणच्या 'जमिनी'ची पातळी एक नव्हती, आणि आपण त्या दोन पातळ्या तांब्याने बांधल्या होत्या.

विजेच्या वेळी हेच सात व्होल्ट हजारांत जातात. गावात कुठेतरी वीज पडली आणि तिचा काही भाग, समजा ५,००० अँपिअर, एका इमारतीच्या ४ ओहमच्या खड्ड्यातून जमिनीत उतरला, तर ओहमच्या नियमाने त्या क्षणी त्या इमारतीची 'जमीन' २०,००० व्होल्टने वर उचलली जाते. दुसऱ्या इमारतीची जागच्या जागी राहते. हा फरक दोन इमारतींना जोडणाऱ्या प्रत्येक तारेतून वाट काढतो, आणि त्या वाटेवर ४८ व्होल्टवर चालणारं नाजूक कार्ड बसलेलं असतं. वीज इमारतीवर पडावीच लागत नाही. काकांनी एकाच टोकाला संरक्षक बसवल्याने दुसऱ्या वेळी उलट झालं. संरक्षकाने दाब जुन्या इमारतीच्या अर्थकडे वळवला आणि पॉवर सप्लायने मार खाल्ला.

मी हे काकांना गच्चीवरच समजावून सांगितलं. ते बराच वेळ केबलकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी दोन घरांच्या भांडणात दोरी बांधली." इतक्या नेमक्या शब्दांत मला ते सांगता आलं नसतं. त्यांच्या कामात चूक काढणाऱ्यांना मी बैठकीत स्पष्ट सांगितलं, की ही गोष्ट वायरमनच्या शिक्षणात कुणी शिकवत नाही आणि दोन वेळा कार्डं दुरुस्त करणाऱ्यांनीही कारण विचारलं नव्हतं.

कोणते पर्याय होते

संचालक मंडळाची बैठक जूनच्या अखेरीला झाली. पहिला पर्याय होता तीच तांब्याची केबल ठेवून दोन्ही टोकांना चांगले संरक्षक बसवायचे आणि दोन्ही अर्थ जाड पट्टीने एकमेकांना जोडायचे. तत्त्वतः हे बरोबर आहे. एकाच आवारातल्या इमारतींत मी ते केलंही आहे. पण इथे पट्टी रस्त्याखालून न्यावी लागणार होती. रस्ता खोदायचाच असेल तर त्यातून तांबं कशाला न्यायचं?

दुसरा पर्याय संचालकांपैकी तात्यांनी मांडला. "प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. संस्थेने सगळ्यांना सिमकार्डं द्यावीत, ताराच नकोत." हा विचार उडवून लावण्यासारखा नव्हता. खर्चात तो सगळ्यात स्वस्त होता आणि दोन दिवसांत झाला असता. बैठकीत त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. विरोधातला पहिला मुद्दा माझा होता: मोबाईल माणसाचा असतो, टेबलाचा नसतो. कारकुनाची बदली झाली की सभासदांना माहीत असलेला नंबर त्याच्याबरोबर जातो. सिम टेबलावरच ठेवायचं म्हटलं तरी ऑपरेटरला आलेला फोन तिकडे ट्रान्सफर करता येत नाही. पण मंडळाचं मत फिरलं ते ऑपरेटर ताईंच्या बोलण्याने. एक्स्चेंज बंद होतं त्या चार दिवसांत वसुलीतल्या दोन मुलींनी स्वतःचे नंबर सभासदांना दिले होते. त्यांना रात्री दहा-साडेदहाला फोन येत होते, काही नीट बोलणारे, काही नाही. ताई म्हणाल्या, "ऑफिसचा फोन ऑफिस सुटल्यावर वाजत नाही, अण्णा. पोरींना तेवढी सोय राहू द्या." अध्यक्ष अण्णांनी त्यानंतर मोबाईलचा विषय पुन्हा काढला नाही.

तिसरा पर्याय नव्या इमारतीला स्वतंत्र एक्स्चेंज आणि स्वतंत्र लँडलाईन देण्याचा होता. त्यात दोन इमारती एकमेकींपासून तुटतात, म्हणून तो लवकर बाजूला पडला.

उरला काचेचा मार्ग. फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. दोन इमारतींच्या अर्थमध्ये सात व्होल्ट असोत की सात हजार, काचेला त्याचं सोयरसुतक नाही. फायबर टाकायचं यावर एकमत झालं. पण त्याच्या दोन्ही टोकांना काय बसवायचं, यावर माझं आणि जीएम साहेबांचं एकमत नव्हतं.

माझा कल सगळंच नवं आयपी (संगणकाच्या नेटवर्कवर चालणारं) एक्स्चेंज घेऊन दोन्ही इमारतींत आयपी फोन लावण्याकडे होता. २०११ च्या एक्स्चेंजची कार्डं आता बनत नाहीत. जीएम साहेबांनी मला दुसऱ्या मजल्यावर नेलं आणि भिंती दाखवल्या. दोन फूट जाडीची दगडी भिंत, आतून फक्त फोनच्या जोड्या गेलेल्या. बऱ्याच टेबलांवर कॅट-६ (नेटवर्कची केबल) नव्हती. ४८ जागी नवी केबल ओढायची तर काउंटर बंद ठेवावे लागले असते. त्यांचं म्हणणं मला पटलं. जुन्या इमारतीत जुनंच एक्स्चेंज, नव्या इमारतीत छोटं आयपी एक्स्चेंज आणि मधे दोघांना जोडणारा ट्रंक, असं ठरलं.

जोडणी कशाने करायची यात एक स्वस्त वाट होती. जुन्या एक्स्चेंजची आठ एक्स्टेन्शनं एका गेटवेमध्ये (जुन्या फोनचा आवाज नेटवर्कवर आणणाऱ्या पेटीत) घालायची आणि ती आयपीवर न्यायची. मी नको म्हटलं. त्यात फोन करणाऱ्याचा नंबर पलीकडे दिसत नाही आणि आधी एक नंबर, मग टोन, मग दुसरा नंबर अशी दोन टप्प्यांत फिरवाफिरवी करावी लागते. पन्नाशीच्या कॅशियरला हे रोज करायला लावणं मला योग्य वाटत नव्हतं. जुन्या एक्स्चेंजमध्ये एक स्लॉट रिकामा होता. त्यात बसणारं पीआरआय कार्ड (एकाच जोडणीवर अनेक बोलणी नेणारं डिजिटल कार्ड) एका डीलरच्या जुन्या साठ्यात मिळालं. ते ई-१ गेटवेला जोडलं (ई-१ म्हणजे ती डिजिटल जोडणी): एका ई-१ वर सेकंदाला २.०४८ मेगाबिट, ३० बोलण्याचे चॅनल. गेटवे एक्स्चेंजच्या शेजारच्या रॅकमध्येच ठेवला, म्हणजे तांब्याचा तुकडा जेमतेम दोन मीटरचा आणि एकाच इमारतीत. तिथून पुढे एसआयपी (नेटवर्कवरून फोन जोडण्याची पद्धत), काचेवरून.

काय केलं

अडचण पावसाची होती. पावसाळ्यात रस्ता खोदू देणार नाही, असं नगरपरिषदेने सांगितलं. अर्ज, रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च भरणं, प्रत्यक्ष खोदाई, हे सगळं दिवाळीनंतरच होणार होतं. चार महिने संस्थेने काय करायचं?

आम्ही दोन टप्पे केले. पहिल्या टप्प्यात दोन गच्च्यांवर ५ गिगाहर्ट्झचे रेडिओ लावले. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनंतर या पट्ट्याचा मोठा भाग आपल्याकडे परवानामुक्त आहे. फोन, गेटवे, नवं एक्स्चेंज सगळं कायमस्वरूपी तेच घ्यायचं आणि फक्त मधला मार्ग तात्पुरता ठेवायचा, अशी मांडणी केली. त्यामुळे नंतर रेडिओखेरीज काहीच वाया गेलं नाही. या निर्णयाबद्दल मला आजही समाधान आहे.

जुलैच्या मध्यावर नव्या इमारतीत २२ फोन वाजले आणि लगेच पहिली तक्रार आली: बोलताना दर दोन-तीन सेकंदांनी 'टक्' असा आवाज. रेडिओवर संशय घेऊन मी अख्खा दिवस गच्चीवर घालवला. चूक तिथे नव्हती. ई-१ च्या दोन टोकांपैकी एकाने घड्याळ द्यायचं असतं, दुसऱ्याने ते पाळायचं असतं. मी एक्स्चेंज आणि गेटवे दोन्हींना स्वतःचं घड्याळ चालवायला ठेवलं होतं. दोन घड्याळांत दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असला तरी अडीच सेकंदांत एक फ्रेम (आवाजाचा एक तुकडा) निसटते. तोच तो 'टक्'. गेटवेला एक्स्चेंजचं घड्याळ पाळायला सांगितल्यावर आवाज थांबला. आवाजाचा ठेका नियमित आहे, हे मी पहिल्या तासात ऐकलं होतं. रेडिओचा बिघाड इतका ठेक्यात येत नाही. तेव्हाच समजायला हवं होतं.

मग नंबरांचा प्रश्न. माझा आराखडा सरळ होता: नव्या इमारतीचे सगळे नंबर ४ ने सुरू होतील, कर्ज विभाग ४०१. ताईंनी यादी वाचली आणि खाली ठेवली. "साहेब, २१४ म्हणजे कर्ज. माणसं हलली तरी नंबर हलवू नका. लोक पासबुक बघून फिरवतात." जुन्या एक्स्चेंजच्या रूटिंग टेबलात एकेक नंबर वेगळा पाठवायला जागा नव्हती, ते पहिल्या आकड्यावरच ठरवायचं. शेवटी मधला मार्ग निघाला. शेवटचे दोन आकडे तेच ठेवले, २१४ चा ४१४ झाला, २१७ चा ४१७. आणि जुन्या एक्स्चेंजवर रिकामा झालेला २१४ कायमचा ४१४ वर फॉरवर्ड केला. जुना नंबर फिरवणाऱ्याला काही कळतच नाही.

याच सोयीतून सगळ्यात मोठा गोंधळ झाला. तिसऱ्या शनिवारी सकाळी दोन इमारतींमधले सगळे फोन एकदम बंद. रेडिओ ठीक, गेटवे ठीक, पण तिसही चॅनल भरलेले. झालं असं होतं की कर्ज विभागातल्या एकाने बाहेर जाताना '४१४ उचलला नाही तर २१४ वर जाऊ दे' असं लावलं. त्याच्या मनात २१४ म्हणजे अजून जुन्या इमारतीतला फोन होता. सभासदाचा एक फोन आला, ४१४ वीस सेकंद वाजला, पलीकडे २१४ वर गेला, २१४ ने तो परत ४१४ वर पाठवला, तो पुन्हा वीस सेकंद वाजला. प्रत्येक फेरीला दोन चॅनल. पंधरा फेऱ्यांत, म्हणजे पाच मिनिटांत, एका सभासदाच्या एका फोनने सगळा मार्ग खाऊन टाकला. नव्या इमारतीतून पलीकडच्या एक्स्टेन्शनवर फॉरवर्ड करणं मी त्याच दिवशी बंद केलं. न उचललेला फोन फक्त ऑपरेटरकडे जाईल. शिवाय नव्या इमारतीतून कुणी २१४ फिरवला तर तो पलीकडे न जाता तिथल्या तिथे ४१४ होईल, अशी तरतूद केली. ही चाचणी सुरू करण्याआधी करायची असते. मी केली नव्हती.

ऑगस्टमध्ये तीन तास वीज गेली. जुनं एक्स्चेंज आपल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर निवांत चालू राहिलं. नव्या इमारतीचे फोन पन्नास मिनिटांत मेले, कारण पीओई स्विच (नेटवर्कच्या तारेतूनच फोनला वीज देणारा) संगणकांच्याच यूपीएसवर होता. "जुना फोन लाईट गेली तरी चालायचा," असं तिथल्या लोकांनी मला ऐकवलं आणि त्यांचं खरं होतं. जुन्या फोनला जेवण एक्स्चेंजकडून तारेतूनच मिळतं. आयपी फोनचं जेवण त्याच इमारतीत शिजवावं लागतं. २२ फोन प्रत्येकी पाच वॉट, स्विच आणि एक्स्चेंज धरून १६० वॉट, एवढ्याला चार तास पुरेल असा वेगळा यूपीएस घेतला आणि त्यावर दुसरं काहीही लावायचं नाही अशी पाटी चिकटवली. कुणीतरी पंखा लावेलच, म्हणून काकांनी त्याचे रिकामे सॉकेटच बुजवले.

गणपतीत रस्त्यावरच्या मंडळाने उंच देखावा उभारला. नव्या इमारतीची गच्ची बुटकी, त्यामुळे रेडिओची नजरभेट त्याच्या वरच्या कळसाला चाटून जायला लागली. नुसती सरळ रेषा मोकळी असून भागत नाही. ८५ मीटरच्या मध्यावर त्या रेषेभोवती साधारण एक मीटर जागा मोकळी लागते. दुपारी आवाज बरा, संध्याकाळी रोषणाई आणि कापडी पडदे लागले की तुटक. देखावा हलवा म्हणायचा प्रश्नच नव्हता. नव्या इमारतीवरचा पाईप दीड मीटरने उंच केला आणि विसर्जनापर्यंत निभावलं.

नोव्हेंबरात परवानगी मिळाली. काँक्रीट न फोडता आडवं बोअरिंग करून रस्त्याखालून एचडीपीई (मजबूत प्लॅस्टिकचा) पाईप घातला. त्यातून सहा कोरची (काचेच्या सहा तंतूंची) सिंगल मोड फायबर केबल नेली, एकूण १७० मीटर. दोन्हीकडे एलआययूमध्ये (फायबर जोडायच्या पेटीत) स्प्लायसिंग, म्हणजे तंतूंची जोडणी. पॉवर मीटरवर एकूण लॉस (प्रकाशाची घट) १ डीबीच्या आत आला. १० किलोमीटरच्या साध्या एसएफपीला (फायबरमध्ये प्रकाश सोडणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागाला) हे अंतर किरकोळ. भरपूर घुशी असलेला भाग, म्हणून केबल आर्मर्ड, वरून पोलादी कवच असलेली घेतली होती.

संध्याकाळी मी नव्या इमारतीत गेलो तेव्हा केबलवाल्या मुलांनी ते पोलादी कवच दोन्ही बाजूंना रॅकच्या अर्थला बांधून ठेवलं होतं. काच आतून आणि पोलाद बाहेरून. म्हणजे जी दोरी आम्ही सहा महिने सोडवत होतो तीच पुन्हा बांधली गेली होती, या वेळी जमिनीखालून. मी काही बोलण्याआधी काकांनी पक्कड घेतली. नव्या इमारतीच्या टोकाला कवच हातभर आधी कापलं, त्यावर स्लीव्ह चढवली आणि अर्थ फक्त जुन्या इमारतीत ठेवला. मग क्लॅम्प मीटर आणून लावला आणि शून्य मला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी रेडिओ उतरवले. ते राखीव ठेवावेत असं अण्णांचं मत होतं. पण गच्चीवरून खाली येणारी नेटवर्कची तांब्याची केबल हीसुद्धा विजेला आत यायला एक वाटच. त्यामुळे रेडिओ कपाटात गेले. जेली केबल काकांनी स्वतः उतरवली.

निष्पत्ती

पुढच्या मे-जूनमध्ये तीन मोठी वादळं झाली. एकही कार्ड गेलं नाही. गुणगुण नाही. दोन इमारतींच्या अर्थमधला सात व्होल्टचा फरक अजून तसाच आहे, काका तो दर दोन महिन्यांनी मोजून वहीत लिहितात. सोनेतारणचा फोन कर्ज विभागात एका रिंगमध्ये लागतो आणि पलीकडच्या पडद्यावर '२०९' दिसतो. तो नंबर दिसला की तिथला माणूस हातातलं काम ठेवून फोन उचलतो, कारण काउंटरला कुणीतरी थांबलेलं असतं. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं. नंबर दिसायला लागला म्हणून झालं, आणि स्वस्त गेटवे न घेतल्याचं सगळ्यात मोठं फळ मला हेच वाटतं.

सगळंच साधलं असं नाही. नव्या इमारतीतून बाहेर लागणारा फोन अजून जुन्या इमारतीच्या सहा लाईनींवरच जातो, महिनाअखेरीला वसुलीवाल्यांना थांबावं लागतं. रस्ता खोदताना फायबर तुटलंच तर नव्या इमारतीत आतले फोन चालतील, बाहेरचे बंद पडतील. तिथे दोन स्वतंत्र लँडलाईन घ्याव्यात, अशी शिफारस मी दिली आहे. ती अजून मंजूर व्हायची आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधीची संधी इमारतीच्याही आधीची. आदल्या वर्षी रस्ता काँक्रीट होताना तो पूर्ण उकरलेला होता आणि नव्या इमारतीचा नकाशा तेव्हा मंजूर झालेला होता. नगरपरिषदेला त्याच वेळी अर्ज करून एक रिकामा पाईप टाकून घेतला असता, तर बोअरिंग लागलं नसतं आणि चार महिन्यांचा रेडिओही लागला नसता. इमारत बांधणाऱ्यांच्या बैठकांत फोनवाला, नेटवर्कवाला कुणी नसतो. प्लंबर असतो.

दुसरं, एप्रिलमधली गुणगुण. ती पहिली सूचना होती. त्या दिवशी कुणी मल्टिमीटर लावला असता तर दहा मिनिटांत उत्तर मिळालं असतं आणि दोन्ही वेळची कार्डं वाचली असती. दुरुस्तीला आलेल्यांनी जळालेलं कार्ड बदललं, पण ते का जळालं हे बघितलं नाही. त्यांच्या बिलात तो प्रश्न बसत नसावा.

माझ्याकडून घड्याळाची आणि फॉरवर्डिंगची चाचणी राहिली. आता दोन एक्स्चेंज जोडताना मी चालू करण्याआधी मुद्दाम एक फोन गोल फिरवून बघतो आणि किती चॅनल भरतात ते मोजतो. नंबरांची यादीही आता मी आधी ऑपरेटरला दाखवतो, मग संगणकात घालतो.

जुनं एक्स्चेंज ठेवण्याचा निर्णय बरोबर होता का, याचं उत्तर अजून यायचं आहे. दोन जादा एक्स्टेन्शन कार्डं आणि एक पॉवर सप्लाय शोधून कपाटात ठेवला आहे. ते संपले की दगडी भिंतींचा प्रश्न पुन्हा समोर येईल. त्यासाठी कुठल्या टेबलापर्यंत कुठून केबल नेता येईल याची मजलावार यादी करून मी जीएम साहेबांकडे दिली आहे.

मागच्या महिन्यात नव्या इमारतीशेजारी पार्किंगच्या शेडसाठी पाया खोदायला घेतला. मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो तेव्हा पाहिलं, काकांनी कुणी न सांगता त्या चरात दोन रिकामे पाईप टाकून घेतले होते, आत ओढायची दोरी घातली होती आणि माती जाऊ नये म्हणून टोकं प्लॅस्टिकने बांधून ठेवली होती.